ऑनलाइन वर्ग आणि कार्यक्रमांसाठी मुक्त सॉफ्टवेअर कसं निवडायचं

ऑनलाइन वर्ग किंवा व्याख्यान घ्यायचं ठरलं की लोक आधी नाव विचारतात. जित्सी घेऊ की बिगब्लूबटन? व्हिडिओवर भेटायची ही दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आणि त्यांच्या जोडीची इतर साधनं मी वर्गांसाठी, कार्यशाळांसाठी, व्याख्यानांसाठी नेहमी वापरते, आणि नवी मंडळी नेमकी कुठे अडकतात ते जवळून पाहते. नावापासून सुरुवात केली की हमखास अडकायला होतं. तुमच्या कार्यक्रमात कोण काय करणार आहे आणि सगळ्यांत कमकुवत इंटरनेट कोणाकडे आहे, या दोन गोष्टी नक्की झाल्या की नाव ठरवायला फारसा वेळ लागत नाही. म्हणून या लेखात नावांची निवड येईल, पण तिसऱ्या पायरीपासून.

इथे मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे जे वापरायची, तपासायची, बदलायची आणि इतरांना द्यायची मुभा परवान्यातच लिहिलेली आहे असं सॉफ्टवेअर. एखाद्या कंपनीने फुकट दिलेलं खातं यात बसत नाही. तिथे आज तासभर चालणारी बैठक उद्या निम्म्या वेळात बंद पडू शकते आणि आपण काहीच करू शकत नाही. मुक्त सॉफ्टवेअर एका सर्व्हरवर पटलं नाही तर तेच दुसऱ्या सर्व्हरवर चालवता येतं. शिकवणाऱ्यांच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे, कारण अमुक कंपनीत खातं उघडल्याशिवाय वर्गात बसता येणार नाही, असं विद्यार्थ्याला सांगायची वेळ येत नाही.

१. आधी कागदावर लिहून काढा

संगणक उघडण्याआधी या प्रश्नांची उत्तरं लिहा:

- एका वेळी किती जण बोलणार आणि किती जण फक्त ऐकणार?
- लोक फोनवरून येणार की संगणकावरून?
- कार्यक्रम एकदाच आहे की दर आठवड्याला वर्ग आहे?
- रेकॉर्डिंग हवं आहे का? हवं असेल तर ते कोण पाहणार आणि किती दिवस ठेवायचं?
- गृहपाठ, हजेरी, चाचण्या लागणार आहेत का?
- तांत्रिक बाजू कोण सांभाळणार?

शेवटच्या प्रश्नापुढे एका माणसाचं नाव लिहा. ‘आम्ही सगळे मिळून बघू’ हे उत्तर चालत नाही. शिकवणाऱ्यानेच प्रवेश द्यायचा, त्यानेच गप्पांची चौकट वाचायची, त्यानेच कोणाचा माइक चालू राहिलाय ते शोधायचं, हे दहा जणांच्या वर्गात कसंबसं जमतं. तीस जण झाले की शिकवणं बाजूला राहतं. दुसरा माणूस मिळतच नसेल तर कार्यक्रमाचा आकार लहान ठेवा. कुठलंही सॉफ्टवेअर ही उणीव भरून काढत नाही.

२. इंटरनेटचं गणित मांडा

हा भाग टाळू नका. बाकी सगळं बरोबर असूनही वर्ग कोलमडतो तो बहुतेक इथेच.

एक मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने तासभर डेटा गेला की ४५० एमबी होतात. माणसाचं बोलणं साधारण ५० किलोबिटमध्ये स्वच्छ पोचतं, म्हणजे तासाला २२-२३ एमबी. चांगल्या दर्जाचा एकच व्हिडिओ सहज २ मेगाबिट घेतो, म्हणजे तासाला ९०० एमबी. आवाज आणि व्हिडिओ यांच्यात चाळीसपट अंतर आहे. मोबाइल डेटावर वर्गाला बसणाऱ्यासाठी हे अंतर म्हणजे वर्ग परवडणं आणि न परवडणं.

आता खोलीत वीस जण आहेत असं धरा. जित्सी आणि बिगब्लूबटनमध्ये प्रत्येक जण आपला व्हिडिओ सर्व्हरला एकदाच पाठवतो आणि सर्व्हर तो बाकीच्यांना वाटतो. विसांनीही कॅमेरे लावले तर सर्व्हरकडे २० प्रवाह येतात आणि त्याला २० गुणिले १९, म्हणजे ३८० प्रवाह बाहेर पाठवावे लागतात. एकट्या शिक्षकाचा कॅमेरा चालू असेल तर एक येतो आणि १९ जातात. सॉफ्टवेअर आपल्या परीने काटकसर करतं. लहान चौकटीसाठी कमी दर्जाचा व्हिडिओ पाठवतं, आणि जित्सीत तर अलीकडे बोललेले मोजकेच चेहरे पाठवायची सोय करता येते. तरीही ‘सगळ्यांनी कॅमेरे चालू ठेवा’ असा हट्ट धरण्याआधी ३८० हा आकडा आठवा. स्वागताला पाच मिनिटं सगळ्यांनी चेहरे दाखवावेत आणि मग कॅमेरे बंद करावेत, हा माझा नेहमीचा शिरस्ता आहे. ओळखही होते आणि वर्गही चालतो.

नेक्स्टक्लाउड टॉक (नेक्स्टक्लाउड या मुक्त सॉफ्टवेअरमधली व्हिडिओ बैठकीची सोय) वापरणाऱ्यांनी इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोठ्या बैठकांसाठीचा त्याचा वेगळा जोडभाग सर्व्हरवर बसवलेला नसेल तर प्रत्येकाचं यंत्र थेट बाकी सगळ्यांना व्हिडिओ पाठवतं. सहा जण असतील तर तुमच्या फोनला तोच व्हिडिओ पाच वेळा पाठवावा लागतो. चार-पाच जणांच्या बैठकीत हे कळतही नाही आणि दहावा माणूस आला की सगळ्यांचेच आवाज तुटायला लागतात. मग दोष इंटरनेटला दिला जातो.

यातून एक नियम आधीच ठरवून टाका: सगळ्यांत कमकुवत इंटरनेट असलेल्या माणसाला आवाज आणि स्लाइड मिळाल्याच पाहिजेत. बाकी सगळं त्यानंतर.

३. कामाप्रमाणे सॉफ्टवेअर निवडा

गप्पा, बैठक, छोटा गट: जित्सी मीट. स्ट्रासबुर्ग विद्यापीठातल्या एमिल इव्होव्ह या विद्यार्थ्याच्या २००३ मधल्या प्रकल्पातून हे वाढलं. परवाना अपाची २.०. लिंक उघडली, नाव लिहिलं की आत. संगणकावर काहीही बसवावं लागत नाही, फोनसाठी ॲप आहे. दहा-पंधरा जणांची चर्चा, पालकांची बैठक, वक्त्याशी पूर्वतयारी यासाठी मी दुसरं काही शोधत नाही. मात्र शिकवायला लागलात की त्याच्या मर्यादा दिसतात, कारण ते मुळात बैठकीसाठी बांधलेलं आहे.

शिकवणं: बिगब्लूबटन. याची सुरुवात २००७ मध्ये कॅनडातल्या ओटावा इथल्या कार्लटन विद्यापीठात झाली, तीही ऑनलाइन वर्गासाठीच. वापरताना ते जाणवतं. मध्यभागी स्लाइड असते, तिच्यावर लिहिता येतं, विद्यार्थ्यांनाही लिहायची मुभा देता येते. हात वर करणं, झटपट मतदान, सगळ्यांनी मिळून लिहायची वही, वर्गाचे छोटे गट करून वेगवेगळ्या खोल्यांत पाठवणं, हे सगळं एकाच पडद्यावर आहे. गटांची वेळ संपली की सगळे आपोआप मुख्य खोलीत परत येतात, त्यामुळे कोणी हरवत नाही.

शिक्षकांनी एक गोष्ट आवर्जून करावी. स्क्रीन शेअर करण्याऐवजी स्लाइड बिगब्लूबटनमध्ये चढवाव्यात. स्क्रीन शेअर म्हणजे सतत वाहणारा व्हिडिओ. चढवलेली स्लाइड प्रत्येकाकडे एकदा पोचते आणि पुढे फक्त ‘पान उलटा’ एवढाच निरोप जातो. कमी वेगाच्या इंटरनेटवर अक्षरं धूसर होत नाहीत, आणि मागे पडलेल्या विद्यार्थ्याच्या पडद्यावर पान लवकर बरोबरीला येतं.

स्लाइड चढवताना पीडीएफच चढवा. सादरीकरणाची मूळ फाइल दिलीत तर सर्व्हर ती स्वतः पीडीएफमध्ये बदलतो, आणि त्या सर्व्हरवर तुमचा देवनागरी फाँट असेलच असं नाही. नसला की दुसराच फाँट येतो, ओळी सरकतात, मजकूर चौकटीबाहेर जातो आणि जोडाक्षरं फुटतात. आपल्याच यंत्रावर लिबरऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरमधून पीडीएफ काढली की फाँट तिच्यातच येतो आणि ‘विद्यार्थ्यांच्या’ हा शब्द सगळ्यांना ‘विद्यार्थ्यांच्या’ असाच दिसतो. स्लाइडमधली हलती चित्रं आणि एकेक करून येणारे मुद्दे पीडीएफमध्ये टिकत नाहीत, तेव्हा जिथे मुद्दे टप्प्याने दाखवायचे असतील तिथे सरळ वेगवेगळी पानं करा.

सत्र, गृहपाठ, चाचण्या: मूडल. मार्टिन डुगियामास यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेलं हे सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याखाली आहे. मूडल ४.० पासून, म्हणजे २०२२ पासून, बिगब्लूबटन त्याच्यासोबतच येतं. पण सोबत येतं ते फक्त जोडणारं बटण. वर्ग चालवणारा सर्व्हर वेगळाच असतो, आणि मूळ सेटिंगमध्ये मिळणाऱ्या सर्व्हरवर वेळेची आणि संख्येची मर्यादा असते. नियमित वर्गांसाठी स्वतःचा किंवा ठरवून घेतलेला सर्व्हर जोडा. आठवड्यातून एकदा भरणाऱ्या, गुण नसलेल्या वर्गासाठी मूडल घेऊ नका. ते सांभाळायला वेळ लागतो आणि विद्यार्थ्यांना आणखी एक पासवर्ड लक्षात ठेवावा लागतो.

नुसता आवाज: मम्बल. वाचनगट, भाषेचा सराव, अतिशय कमी वेगाचं इंटरनेट, अशा ठिकाणी उत्तम. आवाज चटकन पोचतो. ॲप मात्र प्रत्येकाला बसवावं लागतं, म्हणून एकदाच येणाऱ्या पाहुण्यांसाठी नको.

लहान यंत्रावर स्वतः काही चालवून बघायचं असेल तर गॅलेन पाहा. ते फार हलकं आहे आणि एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात अशा व्याख्यानाला शोभतं. बिगब्लूबटनसारखा शिकवण्याचा सरंजाम त्यात नाही.

४. शंभरावर लोक असतील तर बोलणारे आणि बघणारे वेगळे ठेवा

मोठ्या व्याख्यानाच्या वेळी सगळ्यांना एकाच बैठकीत कोंबण्याची घाई होते. तीनशेपैकी बोलणार चार जण असतील तर उरलेल्या २९६ जणांना बैठकीत घेण्याचं कारणच नाही. बोलणारे चौघे जित्सीच्या खोलीत बसतात. एका संगणकावर ओबीएस स्टुडिओ (पडदा टिपून प्रक्षेपणाला पाठवणारं मुक्त सॉफ्टवेअर) ती खोली टिपतो आणि प्रक्षेपणाच्या सर्व्हरकडे पाठवतो. प्रेक्षक फक्त एक वेबपान उघडतात. त्यांच्या माइकचा आवाज मध्येच येण्याचा प्रश्नच उरत नाही.

प्रक्षेपणासाठी दोन चांगले पर्याय आहेत. ओनकास्ट साधं आहे: एक सर्व्हर, एक प्रक्षेपण, शेजारी गप्पांची चौकट. पीअरट्यूब फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट या संस्थेने वाढवलं. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्यात थेट प्रक्षेपण आहे, आणि कार्यक्रम संपल्यावर व्हिडिओ तिथेच राहू शकतो. पीअरट्यूबमध्ये प्रेक्षकांची यंत्रं व्हिडिओचे तुकडे एकमेकांनाही देतात, त्यामुळे सर्व्हरवरचा भार कमी होतो. त्याच कारणाने प्रेक्षकांचे आयपी पत्ते (इंटरनेटवर यंत्र ओळखायचे क्रमांक) एकमेकांच्या यंत्रांना दिसू शकतात. विषय नाजूक असेल तर ही सोय बंद करून घ्या.

ओनकास्टचा हिशोब आधी करा. शंभर प्रेक्षक, प्रत्येकाला २ मेगाबिटचा व्हिडिओ, म्हणजे सर्व्हरमधून २०० मेगाबिट प्रतिसेकंद बाहेर जाणार आणि तासाभरात ९० जीबी. भाड्याच्या सर्व्हरला महिन्याची डेटामर्यादा असते, ती वाचा. एक मेगाबिटचा कमी दर्जाचा पर्यायही ठेवा. बोलणाऱ्याचा चेहरा आणि स्लाइड एवढंच दाखवायचं असेल तर तो पुरतो.

ओबीएसमध्ये नवख्यांनी ७२० ओळींचा व्हिडिओ, अडीच हजार किलोबिटच्या आसपासचा वेग आणि दोन सेकंदांचं की-फ्रेम अंतर (पूर्ण चित्र किती वेळाने नव्याने पाठवायचं ते) इथून सुरुवात करावी. तीन दृश्यं आधी तयार करून ठेवा: ‘थोड्याच वेळात सुरू होत आहे’ असं सांगणारं पान, वक्ता आणि स्लाइड, आणि ‘तांत्रिक अडचण आहे, थांबा’ असं पान. तिसरं दृश्य वापरायची वेळ आली तर त्याची किंमत कळेल. काळा पडदा दिसला की प्रेक्षक निघून जातात, पाटी दिसली की थांबतात.

प्रक्षेपण प्रेक्षकापर्यंत काही सेकंदांनी, कधी अर्ध्या मिनिटाने पोचतं. ‘काही प्रश्न आहेत का?’ असं विचारून वक्ता पाच सेकंद थांबला आणि ‘नसावेत’ म्हणून पुढे गेला, तर प्रेक्षकांनी तो प्रश्न अजून ऐकलेलाही नसतो. म्हणून प्रश्न व्याख्यान चालू असतानाच गोळा करायला एक माणूस बसवा आणि वक्त्याला एकेक करून द्या.

आणखी एक पद्धत मला फार आवडते. फोस्डेम ही मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची मोठी परिषद २०२१ मध्ये पूर्णपणे ऑनलाइन झाली, तेव्हा व्याख्यानं आधी रेकॉर्ड करून घेतली होती आणि प्रश्नोत्तरं तेवढी थेट ठेवली होती. त्यासाठी मॅट्रिक्स (लिहून गप्पा मारायची मुक्त व्यवस्था) आणि जित्सी वापरलं होतं. वक्त्याचं इंटरनेट ऐनवेळी गेलं तरी व्याख्यान थांबत नाही, आणि व्याख्यान चालू असताना वक्ता स्वतः गप्पांत उत्तरं देऊ शकतो. लांबून बोलणारे पाहुणे असतील तर हाच मार्ग धरा.

५. जोडीची साधनं

सगळ्यांनी एकत्र टिपणं काढायला इथरपॅड. मजकूर सर्व्हर चालवणाऱ्यालाही दिसू नये असं वाटत असेल तर क्रिप्टपॅड, कारण त्यात मजकूर तुमच्या ब्राउझरमध्येच कुलूपबंद होऊन पुढे जातो. नोंदणी आणि अभिप्रायासाठी लाइमसर्व्हे, कार्यक्रमाची जाहीर सूचना लावायला मोबिलिझॉन. हाताने लिहून शिकवणाऱ्यांसाठी झर्नल++ आणि ओपनबोर्ड. गणित, संगीत, सुलेखन शिकवणाऱ्यांना लिहायच्या टॅब्लेटबरोबर यांतलं एक लागेलच.

सगळी एकदम घेऊ नका. विद्यार्थ्याला एका वर्गासाठी दोनपेक्षा जास्त लिंक द्याव्या लागत असतील तर काहीतरी कमी करा.

६. सर्व्हर कोणाचा, ते ठरवा

पहिला मार्ग सार्वजनिक सर्व्हरचा. जित्सीचे असे बरेच सर्व्हर संस्था आणि स्वयंसेवक चालवतात. छोट्या बैठकीसाठी बिनधास्त वापरा, पण दोनशे जणांचं संमेलन न विचारता तिथे नेऊ नका. तो सर्व्हर त्या वेळी इतरही लोक वापरत असतात. खुद्द जित्सीच्या अधिकृत सार्वजनिक सर्व्हरवर ऑगस्ट २०२३ पासून खोली सुरू करणाऱ्याला गूगल, गिटहब किंवा फेसबुकच्या खात्याने आत यावं लागतं. बाकीचे खात्याशिवाय येऊ शकतात. हे माहीत नसलेले आयोजक कार्यक्रमाच्या वेळेला खात्याचा पासवर्ड शोधत बसतात आणि लोक दाराशी ताटकळतात. खातं नको असेल तर दुसरा सार्वजनिक सर्व्हर आधीच शोधून ठेवा.

दुसरा मार्ग भाड्याचा: एखादी सेवा मुक्त सॉफ्टवेअर तुमच्यासाठी चालवते, तुम्ही पैसे देता. नियमित वर्ग घेणाऱ्या संस्थेत तांत्रिक माणूस नसेल तर मी हाच सुचवते. करार करण्याआधी विचारा: रेकॉर्डिंग कुठे साठतं, किती दिवस राहतं, आणि सेवा सोडली तर ते आम्हाला कोणत्या स्वरूपात मिळेल?

तिसरा मार्ग स्वतःच्या सर्व्हरचा. जित्सीसाठी ८ जीबी मेमरी असावी, छोट्या बैठकांना ४ चालते. बिगब्लूबटनला मात्र त्याच्यासाठीच राखून ठेवलेला उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर लागतो: १६ जीबी मेमरी, आठ कोअर, आणि रेकॉर्डिंग ठेवायचं असेल तर डिस्कवर भरपूर जागा. आधीच संकेतस्थळ चालत असलेल्या सर्व्हरवर ते बसवू नका, दोन्ही बिघडतील. घरच्या इंटरनेटवर सर्व्हर ठेवायचा विचारही सोडा, कारण घरच्या जोडणीचा अपलोड वेग बहुधा ते ३८० प्रवाह पेलत नाही.

स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्यांनी टर्न सर्व्हर विसरू नये. अनेक कार्यालयं आणि महाविद्यालयं व्हिडिओसाठी लागणारे यूडीपी पोर्ट (डेटा ये-जा करायची क्रमांक दिलेली दारं) बंद ठेवतात. जित्सी मुख्यतः १०००० हा पोर्ट वापरतं आणि बिगब्लूबटन १६३८४ ते ३२७६८. तिथला माणूस खोलीत शिरतो, त्याला सगळ्यांची नावं दिसतात, पण आवाज आणि चित्र येत नाही. टर्न सर्व्हर हीच वाहतूक ४४३ या नेहमीच्या वेबपोर्टवरून नेतो. ‘मला सगळे दिसताहेत पण ऐकू काहीच येत नाही’ अशी तक्रार एखाद्या कार्यालयातून आली तर पहिला संशय इथेच घ्या.

७. परवाना आणि तब्येत तपासा

नवं सॉफ्टवेअर कोणी सुचवलं तर आधी परवाना बघा: जीपीएल, एजीपीएल, एलजीपीएल, अपाची, एमआयटी यांपैकी काही आहे का? मग शेवटची आवृत्ती कधी आली ते बघा. व्हिडिओची सॉफ्टवेअर ब्राउझरच्या पोटात चालतात आणि ब्राउझर सतत बदलतात, त्यामुळे दोन वर्षं कोणी हात न लावलेलं सॉफ्टवेअर कधीही बंद पडू शकतं.

मग नेमकी तुम्हाला हवी ती सोय मुक्त आवृत्तीत आहे ना, याची खात्री करा. काही कंपन्या गाभा मुक्त ठेवतात आणि रेकॉर्डिंग किंवा मोठी संख्या यांसारख्या गोष्टी पैशांच्या आवृत्तीत टाकतात. पैसे घेण्यात गैर काही नाही, पण ते कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात कळायला नको.

८. रंगीत तालीम घ्या

कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी, वक्त्याच्या त्याच संगणकावर, त्याच खोलीतून, त्याच इंटरनेटवर तालीम घ्या. ‘मी नेहमी वापरतो, मला माहितीय’ म्हणणाऱ्या वक्त्यालाही बोलवा. दहा मिनिटं पुरतात.

क्रम असा ठेवा. वक्ता लिंक उघडतो. ब्राउझर माइकची परवानगी मागतो. इथे कोणी घाईत ‘नको’ दाबलं तर ब्राउझर बहुधा पुन्हा विचारत नाही. पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावर जाऊन ती परवानगी हाताने द्यावी लागते, तेव्हा ते चिन्ह तालमीतच दाखवून ठेवा. बिगब्लूबटन आत घेताना ‘माइकसह’ की ‘फक्त ऐकण्यासाठी’ असं विचारतं. माइक निवडला की बऱ्याच सर्व्हरवर आवाजाची चाचणी होते: तुम्ही बोलायचं आणि आपलाच आवाज परत ऐकू आला तर हो म्हणायचं. नवखे विद्यार्थी इथेच गोंधळतात. ज्यांना बोलायचं नाही त्यांनी ‘फक्त ऐकण्यासाठी’ निवडावं. चाचणीही टळते आणि सर्व्हरवरचा भारही कमी होतो. पण असा विद्यार्थी नंतर ‘माझा माइक चालत नाही’ म्हणाला तर त्याला आवाजातून बाहेर पडून माइकसह परत यायला सांगा.

त्यानंतर वक्त्याला दोन मिनिटं खरंच बोलू द्या आणि तुम्ही हेडफोन लावून ऐका. आवाज घुमतोय का? पंखा ऐकू येतोय? बोलणारा स्पीकरवर ऐकत असेल तर त्याच्या माइकमधून सगळ्यांचा आवाज सगळ्यांकडे परत जातो. साधा वायरचा इअरफोन लावला की हे थांबतं. मग एक माणूस फोनवरून, वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर आत येऊ दे. त्याला जे दिसतं आणि ऐकू येतं तोच तुमचा खरा कार्यक्रम आहे.

शेवटी एक बिघाड मुद्दाम करा. वक्त्याला खिडकी बंद करायला सांगा आणि तो परत कसा येतो ते बघा. त्याला लिंक सापडते का? त्याचा फोन नंबर तुमच्याकडे आहे का?

९. दार आणि रेकॉर्डिंग

जित्सीत ‘वर्ग’ किंवा ‘योगवर्ग’ अशी खोलीची नावं ठेवू नका. तेच नाव लिहिणारा कोणीही आत येईल. लांब, अंदाज न येणारं नाव घ्या आणि प्रतीक्षाकक्ष चालू करा. जित्सीच्या खोलीला लावलेला पासवर्ड सगळे बाहेर पडले की पुसला जातो, त्यामुळे दर वेळी तो नव्याने लावावा लागतो. बिगब्लूबटनमध्ये पाहुण्यांना सूत्रसंचालकाच्या परवानगीनेच प्रवेश द्यायची सोय आहे. जाहीर लिंक असलेल्या कार्यक्रमात ती वापराच.

रेकॉर्डिंगबद्दल दोन गोष्टी. जित्सीच्या सर्व्हरवरच्या रेकॉर्डिंगसाठी जिब्री नावाचा वेगळा भाग लागतो आणि एक जिब्री एका वेळी एकच बैठक टिपतो. सार्वजनिक सर्व्हरवर तो असेलच असं धरू नका, ओबीएसने स्वतःच्या संगणकावर टिपून घ्या. बिगब्लूबटनमध्ये रेकॉर्डचं बटण दाबलेला भाग प्रसिद्ध होतो, पण काही आवृत्त्या आणि सेटिंगमध्ये बटण न दाबलेला भागही सर्व्हरवर कच्च्या स्वरूपात काही दिवस राहतो. तुमच्या सर्व्हरवर काय होतं ते चालवणाऱ्याला विचारा आणि सहभागींना खरं तेच सांगा. विद्यार्थी लहान असतील तर पालकांची लेखी संमती घ्या. गप्पांची चौकट आणि सहभागींची नावंही रेकॉर्डिंगमध्ये येऊ शकतात, हे संमतीपत्रात लिहा.

१०. जवळ काय काय असावं

सामान:
- वायरचा हेडफोन किंवा इअरफोन, आणि एक जादा
- वायफायऐवजी थेट इंटरनेटची तार
- दुसरं यंत्र, ज्यावर तुम्ही प्रेक्षक म्हणून हजर असाल
- मोबाइल डेटा असलेला फोन, मुख्य इंटरनेट गेलं तर
- सगळ्या स्लाइडच्या पीडीएफ, दोन माणसांच्या संगणकांवर

कागदपत्रं:
- मिनिटागणिक कार्यक्रमपत्रिका, प्रत्येक ओळीपुढे कोण काय करणार
- वक्त्यांचे आणि तांत्रिक माणसाचे फोन नंबर
- रेकॉर्डिंगची संमती, आणि वक्त्याने स्लाइड व व्हिडिओ कोणत्या अटींवर प्रसिद्ध करायला दिलेत त्याची लेखी नोंद
- सहभागींसाठी अर्ध्या पानाची सूचना: लिंक, कोणता ब्राउझर, माइक कसा चालू-बंद करायचा, अडल्यास कोणाला विचारायचं
- पर्यायी खोलीची लिंक, वेगळ्या सर्व्हरवरची

शेवटची लिंक सूचनेतच छापा: ‘पाच मिनिटं काहीच ऐकू आलं नाही तर इथे या.’ मुख्य सर्व्हर पडल्यावर नवी लिंक प्रत्येकाला कळवायला तुमच्याकडे मार्ग नसतो.

११. कार्यक्रम झाल्यावर

रेकॉर्डिंग त्याच आठवड्यात उतरवून घ्या. बिगब्लूबटनचं नेहमीचं रेकॉर्डिंग व्हिडिओ फाइल नसतं. ते स्लाइड, आवाज आणि गप्पा एकत्र दाखवणारं वेबपान असतं आणि त्या सर्व्हरवरच चालतं. साधी व्हिडिओ फाइल हवी असेल तर ती तयार करायची सोय सर्व्हर चालवणाऱ्याला चालू करावी लागते, आणि हे त्याला कार्यक्रमाआधीच सांगून ठेवलेलं बरं. मूडलमधला अभ्यासक्रमही बॅकअप काढून स्वतःकडे ठेवा. सर्व्हर बदलायची वेळ आली तर तीच फाइल नव्या मूडलमध्ये उघडता येते.

नोंदणीत गोळा केलेले फोन नंबर आणि पत्ते काम संपल्यावर पुसून टाका, आणि ज्या तारखेपर्यंत रेकॉर्डिंग ठेवू असं सांगितलं होतं ती दिनदर्शिकेत टाका. सार्वजनिक सर्व्हर वापरला असेल तर तो चालवणाऱ्यांना किती लोक होते आणि कसं चाललं ते कळवा आणि जमेल तेवढी देणगी द्या. वीज, डेटा आणि देखभालीचा खर्च त्यांनाच भरावा लागतो. पुढच्या वेळी मोठा कार्यक्रम असेल तर तारीख त्यांना आधी सांगा. त्या दिवशी दुरुस्तीसाठी सर्व्हर बंद ठेवायचा त्यांचा बेत असेल तर तो वेळेत कळेल.